बादलीचा नळ

सकाळी ८. उद्या रविवारी बिअर लावायची, म्हणजे आजचा शनिवार घासण्याधुण्याचा. पोर्टलंडला आल्यापासून हा क्रम कधी मोडला नाही. गॅरेजमधून आंबवण्याची बादली, सायफनची नळी, एअरलॉक, हायड्रोमीटर, मोठं पातेलं असं सगळं ओट्याशी आणलं. मागच्या वेळी धुऊनच ठेवलेलं आहे, तरी झाकण काढून बादलीत आधी नाक घातलं. होप्सचा जुना वास चालतो. आंबूस वास आला, तर बादली बाद.

९. साधारण ५५ अंशांच्या पाण्यात सोडियम परकार्बोनेटची क्लीनर पावडर टाकली. तिच्यातून ऑक्सिजन सुटतो आणि फेसाचं वाळून चिकटलेलं कडं आपोआप सैल होतं. अर्धा तास भिजत ठेवलं की मऊ स्पंजाने निघतं. तारेची घासणी प्लॅस्टिकला लावायची नाही. तिने पडलेल्या ओरखड्यात जंतू दडून बसतात, तिथवर कुठलंच औषध नीट पोचत नाही.

१०. आता नळ. बादलीच्या तळाशी असलेला हा प्लॅस्टिकचा नळ मी प्रत्येक वेळी पूर्ण खोलते. "अगं, चकाचक आहे की तो," नवरा म्हणाला. बाहेरून होताच. गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवून मागून अंगठ्याने रेटला, तसा आतला फिरणारा दांडा सुटून हातात आला. त्याच्या भोकाच्या कडेला तपकिरी, बुळबुळीत थर होता, नखाने खरवडला तर निघेल इतका. गेल्या वर्षी आमच्या १९ लिटर बिअरला ताकासारखी आंबट चव आली, त्यानंतर पहिल्यांदा नळ खोलला तेव्हा असाच थर सापडला होता. ती सगळी बिअर मी मोरीत ओतली. तीन आठवड्यांची वाट पाहणं तिच्याबरोबर गेलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

लुई पाश्चर १८७१ मध्ये लंडनच्या व्हिटब्रेड ब्रुअरीत गेले आणि त्यांनी तिथलं यीस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. बिअर बिघडते ती यीस्टमध्ये घुसलेल्या परक्या जंतूंमुळे, हे त्यांनी पुढे १८७६ च्या पुस्तकात मांडलं. मला ते आईच्या लोणच्याच्या बरणीवरून आधीच ठाऊक असायला हवं होतं. बरणी नुसती धुऊन तिचं समाधान होत नसे. दिवसभर उन्हात पालथी घालायची आणि भरताना ओला हात लावू द्यायची नाही.

दुपारी १. जेवण, मग वॉशर, नळ्या, एअरलॉक खळखळून धुऊन टॉवेलवर मांडले. पातेलं नुसतं घासलं. उद्या त्यात माल्टचं गोड पाणी तासभर उकळेल, जंतू तिथेच मरतील. जपायचं ते उकळी उतरल्यानंतर. गार झालेल्या त्या पाण्याला ज्याचा ज्याचा स्पर्श होणार, ते प्रत्येक भांडं निर्जंतुक हवं.

४. निर्जंतुकीकरण मात्र आज नाही. पुष्कळ जण आदल्या दिवशीच उरकतात, ते मला पटत नाही. स्टार सॅन हे माझं आम्लयुक्त जंतुनाशक ओलं असेपर्यंतच काम करतं. रात्रभर उघड्यावर वाळलेल्या बादलीत धूळ बसणारच. शिवाय मळ असेल तिथे ते हरतंच, म्हणून आजचा दिवस. ब्लीच मी घरात या कामाला ठेवत नाही: स्टीलला खड्डे पाडतं, नीट धुतलं गेलं नाही तर बिअरला औषधी वास येतो आणि चुकून आम्लात मिसळलं तर विषारी वायू सुटतो.

रात्री ९. नळ जोडला, बादलीत पाणी भरलं, खाली कोरडा कागद ठेवला. अर्ध्या तासाने बघितलं, एक थेंब नाही. बादली रिकामी करून पालथी घातली. मापाचा कप स्टार सॅनच्या बाटलीशेजारी ठेवला: उद्या १९ लिटर पाण्याला ३० मिली. इथलं बुल रन नदीचं पाणी मऊ असल्याने द्रावण गढूळत नाही. नवऱ्याने सहाचा गजर लावला आहे.