काट्याची फरशी घरात की अंगणात? भीमपूरच्या काळ्या मातीवर हेरिंगबोनचा हिशेब

भीमपूर (जि. आदिलाबाद) : कापसाचे पैसे हातात आले की पैनगंगेच्या दोन्ही काठांवर घरांची अर्धवट कामं पुन्हा सुरू होतात. भिंती उभ्या असतात, स्लॅब पडलेला असतो, दारं-खिडक्या बसलेल्या असतात. राहिलेली असते ती फरशी. घरबांधणीत फरशी शेवटी येते, त्यामुळे तिच्या वाट्याला पैसेही उरले तेवढेच येतात. आणि नेमकी त्याच वेळी घरातली पोरं मोबाइलवर एक फोटो दाखवतात : लांबट पट्ट्या एकमेकींना काटकोनात भिडवून केलेली झिगझॅग फरशी. बैठकीत हीच पाहिजे, असा आग्रह होतो. दुकानदार तिला हेरिंगबोन म्हणतो, मिस्त्री काट्याची डिझाइन म्हणतो.

हौस वाईट नाही, पण पैसे मोजके आहेत. तेलंगणात इंदिरम्मा इंडलू योजनेत घराला 5 लाख रुपये मिळतात आणि घर 400 ते 600 चौरस फुटांत बसवावं लागतं. नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्र 25 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 270 चौरस फूट आहे आणि सपाट भागासाठी मूळ अनुदान 1 लाख 20 हजार रुपये आहे. एवढ्यात पाया, भिंती आणि स्लॅब भागवून फरशीवर चुकीचा खर्च झाला, तर तो भरून काढायला पुढच्या कापसाची वाट पाहावी लागते. म्हणून फोटो आवडला तरी आधी हिशेब समजून घेतलेला बरा.

हेरिंगबोन म्हणजे नेमकं काय?

हेरिंग हा समुद्रातला मासा आहे. त्याच्या मधल्या काट्याला दोन्ही बाजूंनी तिरपे काटे फुटलेले असतात, तशी ही रचना दिसते म्हणून हे नाव पडलं. आपल्याकडे बुरुडाने विणलेला बांबूचा तट्टा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही वीण नवी नाही. रोमन लोक विटांची अशी जमीन करायचे आणि तिला कणसाची उपमा द्यायचे. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरातल्या कॅथेड्रलचा प्रचंड घुमट 1436 साली पुरा झाला. त्यातही विटांच्या काही ओळी याच पद्धतीने बसवल्या होत्या, कारण चढ वाढत गेला तरी त्या विटा एकमेकींना धरून राहायच्या.

म्हणजे ही रचना मुळात कामाची आहे, शोभा नंतरची. पण एक फरक लक्षात ठेवायला हवा. वीट किंवा ब्लॉक सुटा, वाळूवर बसवलेला असेल तेव्हाच या विणीचा जोर लागतो. घरात आपण फरशी सिमेंटने किंवा ॲडेसिव्हने खाली चिकटवतो. तिथे मजबुती येते ती खालच्या थरामुळे, त्यामुळे घरातली हेरिंगबोन फक्त दिसायला वेगळी असते. ‘अशी लावली की फरशी पक्की राहते’ असं कुणी सांगितलं तर त्याचे जादा पैसे देऊ नयेत.

दुकानात शेवरॉन नावाचाही नमुना दाखवतात. त्यात पट्टीची टोकं तिरपी कापून सरळ बाण तयार करतात. कापणी जास्त, नासाडी जास्त, म्हणून खर्चही जास्त. हेरिंगबोनला साधी आयताकृती पट्टी चालते.

आधी खालची जमीन

भीमपूर, तामसी, जैनद या पट्ट्यातली काळी माती कापसाला चांगली आणि घराला अवघड. पाणी प्यायली की ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया खोदताना निघालेली हीच माती जोत्यात भरून वर फरशी लावली, तर दोन पावसाळ्यांत फरशी कुठे उचलते, कुठे बसते आणि ठोकली की पोकळ वाजते. दोष मग फरशीच्या कंपनीला दिला जातो, पण खरी गोष्ट तिच्या खाली झालेली असते.

जोत्यात मुरूम भरावा. तोही एकदम ओतायचा नाही. अर्धा फूट थर, त्यावर पाणी, मग धुमसाने ठोकणं, मग पुढचा थर. त्यावर सोलिंग आणि साधारण 4 इंच काँक्रीट. काँक्रीटवर किमान 7 दिवस पाणी मारायचं. पैसे कमी पडत असतील तर इथे वाचवू नये. उलट एक जुना मार्ग आहे : आधी नुसता कोबा करून राहायला जायचं, एक पावसाळा जाऊ द्यायचा आणि पुढच्या हंगामात फरशी लावायची. भराव जिथे बसायचा तिथे बसून जातो, तडा कुठे जातो ते दिसतं आणि फरशीसाठी वर्षभर पैसेही जमतात. मात्र दारांची उंची ठेवताना वर येणाऱ्या फरशीचे दीड-दोन इंच आधीच धरायला हवेत. नाहीतर दारं खालून तासावी लागतात.

माल कोणता घ्यायचा?

खरं लाकूड : आदिलाबादचं सागवान प्रसिद्ध आहे, पण लाकडी पट्ट्यांची जमीन साध्या घराच्या बजेटमध्ये बसत नाही. वाळवीची भीती वेगळीच.

लॅमिनेट : लाकडासारखं दिसतं, पण आतला गाभा लाकडाच्या भुशाचा असतो आणि पाण्याने फुगतो. सणाला बादलीभर पाणी ओतून घर धुणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

व्हिनाइल शीट : हेरिंगबोनचं चित्र छापलेली शीट सगळ्यात स्वस्त पडते. पण लोखंडी पलंग ओढला की फाटते आणि खालून ओल येत असेल तर सुटते. चार-दोन वर्षांची सोय म्हणून ठीक.

शहाबादी आणि तांदूर फरशी : कर्नाटकातलं शहाबाद आणि तेलंगणातलं तांदूर, दोन्हीकडचा दगड भीमेच्या खोऱ्यातल्या चुनखडीचा. आदिलाबादच्या दुकानात तेलुगूत ‘नापराळ्ळु’ म्हटलं की याच जातीची फरशी पुढे येते. उन्हाळ्यात पायाला गार, वजनाला पक्की, कापसाचा ढीग असो की सोयाबीनची पोती, तक्रार नाही. मशीनने कापलेल्या पट्ट्या घेतल्या तर हेरिंगबोनही होते. पण पट्ट्यांची जाडी सारखी नसेल तर कडा वर-खाली राहतात आणि पॉलिशचा खर्च वाढतो. शिवाय चुनखडीला आंबट चालत नाही. लिंबू, चिंच किंवा संडास धुण्याचं ॲसिड सांडलं की डाग कायमचा. म्हणून स्वयंपाकघरात ही फरशी जपून.

लाकडी छापाची टाइल : गुजरातेतल्या मोरबीहून देशभर येणाऱ्या टाइलमध्ये लांबट पट्ट्या मिळतात. घरातल्या हेरिंगबोनसाठी बहुतेकांना हाच पर्याय परवडतो. इथे एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. पट्टी जितकी लांब तितका तिला मधे थोडा बाक असण्याची शक्यता जास्त. हेरिंगबोनमध्ये एकीचं टोक दुसरीच्या लांब कडेला भिडतं, त्यामुळे तो बाक पायाला ठेच लागेल इतका जाणवू शकतो. दोन टाइल तोंडाला तोंड लावून धरायच्या. मधून उजेड दिसला तर तो माल या रचनेसाठी नको. 4 फुटी पट्टीपेक्षा 1 ते 2 फुटांची पट्टी बरी. घरात म्हातारं माणूस असेल तर चकचकीत ग्लॉसी घेऊ नये, मॅट घ्यावी. ओल्या पायाने घसरून मोडलेल्या हाडाचा खर्च फरशीच्या खर्चाहून मोठा असतो.

400 चौरस फुटांचा हिशेब

समजा घरात 10 बाय 12 ची बैठक, 10 बाय 10 च्या दोन खोल्या आणि 8 बाय 10 चं स्वयंपाकघर आहे. एकूण 400 चौरस फूट. हिशेबापुरते दर असे धरू : साधी चौकोनी टाइल 45 रुपये फूट, लांब पट्टी 60 रुपये फूट, सरळ लावायची मजुरी 25 रुपये, हेरिंगबोनची 45 रुपये. सरळ कामाला तुटफूट 5 टक्के आणि तिरप्या हेरिंगबोनला 15 टक्के धरावी लागते, कारण चारही भिंतींलगत तुकडे कापावे लागतात.

सगळं घर सरळ : 420 फूट टाइलचे 18,900 आणि मजुरीचे 10,000. एकूण 28,900 रुपये.

सगळं घर हेरिंगबोन : 460 फूट पट्टीचे 27,600 आणि मजुरीचे 18,000. एकूण 45,600 रुपये.

फक्त बैठक हेरिंगबोन, बाकी सरळ : बैठकीचे 138 फूट पट्टीचे 8,280 आणि मजुरीचे 5,400, उरलेल्या 280 फुटांसाठी 294 फूट टाइलचे 13,230 आणि मजुरीचे 7,000. एकूण 33,910 रुपये.

सगळ्या घरात हौस केली तर 16,700 रुपये जास्त जातात. फक्त बैठकीत केली तर 5,010. सिमेंट, ॲडेसिव्ह, ग्राउट आणि गाडीभाडं यात धरलेलं नाही. दर आपापल्या गावचे टाकून हाच हिशेब पुन्हा मांडता येतो. आणखी थोडी बचत हवी असेल तर पट्ट्या भिंतीशी 45 अंशांत न लावता भिंतीला समांतर-काटकोनात लावायच्या. झिगझॅग तीच दिसते, कापणी कमी होते आणि तुटफूट साधारण 10 टक्क्यांवर भागते.

मिस्त्रीशी आधीच बोलून घ्यायचं

हे काम नेहमीच्या फरशीकामासारखं नाही. मिस्त्रीने आधी केलेलं एखादं घर जाऊन पाहावं. दर ठरवताना ‘तिरपं काम’ म्हणून नंतर वाद नको, म्हणून फुटाचा दर, कापणी आणि स्कर्टिंग वेगवेगळं लिहून घ्यावं.

खोली काटकोनात आहे का ते 3-4-5 च्या मापाने तपासता येतं : एका भिंतीवर 3 फूट, दुसरीवर 4 फूट, मधला कर्ण 5 फूट आला तर कोपरा गुण्यात आहे. गावातल्या घरांत तो बऱ्याचदा नसतो. म्हणून सुरुवात भिंतीपासून न करता खोलीच्या मधोमध दोरी धरून करायची आणि 15-20 पट्ट्या आधी कोरड्या मांडून बघायच्या.

व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषतच नाही, अर्ध्या टक्क्याहून जास्त नाही. त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या घोळावर तिची पकड कच्ची राहते. तिला टाइल ॲडेसिव्ह लागतं. पट्ट्यांमध्ये 2-3 मिलिमीटर सांधा ठेवायचा आणि भिंतीलगत 6-8 मिलिमीटर मोकळी जागा सोडायची. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. आदिलाबाद जिल्ह्यात उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही कडक. टाइलला पसरायला जागाच नसेल तर ती मधेच वर उठते.

जिथे ही वीण खरी कामाची : अंगण

घरासमोरच्या अंगणात ट्रॅक्टर वळतो, बैलगाडी उभी राहते, पोळ्याला बैल दारात येतात. इथे सपाट काँक्रीट ओतलं की काळ्या मातीवर ते तडकतं आणि तडकलं की फोडूनच काढावं लागतं. सिमेंटचे 200 बाय 100 मिलिमीटरचे पेव्हर ब्लॉक हेरिंगबोनमध्ये बसवले तर चाक वळताना लागणारा रेटा आजूबाजूच्या ब्लॉकवर वाटला जातो. सरळ ओळींत लावलेले ब्लॉक अशा वेळी सरकतात. माती हलून एखादा भाग बसलाच तर तेवढे ब्लॉक उचलायचे, खाली मुरूम भरायचा, तेच ब्लॉक पुन्हा लावायचे. नवा माल लागत नाही.

ब्लॉकसाठी भारतीय मानक आयएस 15658 आहे. त्यानुसार फक्त चालण्यासाठी 50 मिलिमीटर, हलक्या वाहनांसाठी 60 आणि मध्यम वाहतुकीसाठी 80 मिलिमीटर जाडी धरतात. भरलेली ट्रॉली येत असेल तर 80 चा ब्लॉक घ्यावा. खाली दाबलेला मुरूम-गिट्टीचा थर आणि वर इंच-दीड इंच वाळू. कडेने काँक्रीटची पट्टी मात्र हवीच, ती नसेल तर वीण कडेपासून उसवत जाते. घराच्या भिंतीलगत 2-3 फूट पक्कं काँक्रीट ठेवावं आणि दर 4 फुटांना 1 इंच उतार बाहेरच्या बाजूला द्यावा. पायाशी पाणी मुरलं नाही तर घरातली फरशीही टिकते.

नदीच्या कोणत्या काठावरून घ्यायचं?

आदिलाबादहून घ्यायचं की पांढरकवडा, किनवटहून, हा प्रश्न भीमपूरकरांना नेहमी पडतो. जीएसटीचा दर दोन्ही राज्यांत एकच आहे, त्यामुळे करात फायदा नाही. फरक पडतो तो गाडीभाड्यात आणि परतीच्या बोलीत. न फोडलेले बॉक्स परत घेणार का, रस्त्यात फुटलेला माल कुणाचा, हे पक्क्या बिलावर लिहून घ्यावं. सगळ्या बॉक्सवरचा शेड नंबर आणि बॅच नंबर एकच आहे का ते गाडीतून उतरवतानाच बघावं. काम संपल्यावर 8-10 पट्ट्या जपून ठेवाव्यात. चार वर्षांनी एक पट्टी फुटली तर त्या रंगाचा माल बाजारात मिळेलच असं नाही.

पैसे अगदीच मोजके असतील तर क्रम असा ठेवता येतो : आधी मुरूम आणि काँक्रीट, मग स्वयंपाकघर आणि न्हाणीची न घसरणारी टाइल, मग खोल्यांना सरळ फरशी, आणि उरलं तर बैठकीत काट्याची डिझाइन. अंगणाचे ब्लॉक पुढच्या कापसावर ढकलता येतात. तोपर्यंत सारवलेलं अंगण आहेच.