संत्र्याचा चोथा आणि मोठ्या आतड्यातील वस्ती

संत्र्याची फोड तोंडात टाकायची, रस शोषून घ्यायचा आणि उरलेला चोथा थुंकून द्यायचा, ही रीत अनेक मराठी घरांत लहानपणापासून अंगवळणी पडलेली असते. प्रत्यक्ष संत्री पिकवणारा मुलूखही तिला अपवाद नाही. मध्य प्रदेशातील सौंसर आणि पांढुर्णा हे दोन तालुके मिळून २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. राज्य हिंदी भाषकांचे असले, तरी येथे घराघरांत मराठी बोलली जाते. नागपूर-छिंदवाडा रेल्वेमार्गावरील, कन्हान नदीलगतच्या रामाकोन्याच्या परिसरात कपाशी, तूर आणि संत्र्याच्या बागा शेजारी शेजारी दिसतात. फळ बाजारात नागपुरी संत्रा म्हणूनच ओळखले जाते. या फळाच्या पांढऱ्या शिरा आणि फोडींचे पातळ पापुद्रे यांत पेक्टिन नावाचा विद्राव्य तंतू असतो. खाणारा जे टाकून देतो, त्याची वाट पोटातील दुसरेच कोणी पाहत असते.

हे दुसरे कोणी म्हणजे मोठ्या आतड्यात राहणारे अब्जावधी जीवाणू. स्टार्च, साखर, प्रथिने आणि चरबी यांचा बहुतांश भाग लहान आतड्यातच पचून शोषला जातो. तंतुमय पदार्थ तोडणारी पाचकद्रव्ये मात्र मानवी शरीराजवळ नाहीत. ते पदार्थ जसेच्या तसे मोठ्या आतड्यात उतरतात आणि तेथील जीवाणू ते आंबवतात. त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही आम्ले तयार होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी आपली बरीचशी ऊर्जा या ब्युटिरेटमधूनच घेतात. जीवाणूंना चोथा मिळाला नाही तर काय होते, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील एका प्रयोगात दिसले. उपाशी जीवाणूंनी आतड्याच्या अस्तरावरील संरक्षक बुळबुळीत थरच खायला सुरुवात केली.

जीवाणूंच्या या खाद्याला ‘प्रीबायोटिक’ हे नाव ग्लेन गिब्सन आणि मार्सेल रोबरफ्रॉईड यांनी १९९५ मध्ये दिले. प्रोबायोटिक म्हणजे उपकारक जिवंत जीवाणू, तर प्रीबायोटिक म्हणजे त्यांची शिदोरी. प्रत्येक तंतुमय पदार्थ मात्र प्रीबायोटिक नसतो. ज्वारीच्या कोंड्यातील बराच भाग न विरघळणारा असतो. तो पोट साफ ठेवतो, पण जीवाणूंच्या फारसा कामी येत नाही. भक्कम पुरावा आहे तो कांदा-लसणातील फ्रुक्टन, इन्युलिन आणि गॅलॅक्टो गटातील शर्करांच्या बाजूने. तूर, हरभरा, चवळी यांतील स्टॅकिओज आणि रॅफिनोज या याच गटाच्या जवळच्या. पेक्टिन जीवाणू आवडीने आंबवतात, परंतु त्याला प्रीबायोटिकचा पूर्ण दर्जा द्यावा की नाही, यावर संशोधकांचे अजून एकमत नाही.

म्हणूनच हिवाळ्यात तुरीच्या ओल्या शेंगांचे सोले, ज्वारीची भाकर, वरण, कच्चा कांदा आणि लसणाची चटणी असे जे जेवण या भागात होते, ते आतड्याच्या दृष्टीने विचारपूर्वक रचल्यासारखे वाटते. ते तसे रचलेले नव्हते. शेतात जे पिकत होते, ते ताटात येत होते, इतकेच. रात्रीची भाकर सकाळी ताकात कुस्करून खाण्यातही थोडा लाभ आहे. शिजलेले स्टार्च थंड होताना त्याचा काही अंश न पचणाऱ्या रूपात जातो आणि जीवाणूंच्या वाट्याला येतो.

आकड्यांतही फरक दिसतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार २००० किलोकॅलरीच्या आहारात सुमारे ३० ग्रॅम तंतू असावेत. याच संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू आहेत, तर पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात जेमतेम ३ ग्रॅम. दिवसाला २०० ग्रॅम धान्य खाणाऱ्याने ज्वारीऐवजी पांढरा तांदूळ घेतला, तर सुमारे १४ ग्रॅम तंतू ताटातून कमी होतात. ज्वारीच्या गौरवात एक गोष्ट मात्र विसरली जाते. कोंड्यासह दळलेल्या गव्हाच्या पिठातही जवळजवळ तेवढेच तंतू असतात. म्हणजे खरे नुकसान गव्हाची पोळी करत नाही, ते पांढरा भात, बिस्किटे आणि टोस्ट करतात. गोव्यातील उकडा तांदूळ या बाबतीत पांढऱ्या तांदळाच्या किंचित पुढे आहे, आणि सोबत अळसांदे असले तर जीवाणूंची सोय आणखी चांगली होते.

मध्य भारतात ज्वारीखालचे क्षेत्र गेल्या काही दशकांत आटले. पाखरांची राखण, कापणीची मजुरी आणि अपुरा भाव यांपुढे कपाशी, मका, सोयाबीन शेतकऱ्याला परवडू लागले, आणि त्यात त्याचा दोष नाही. शिधावाटपात गहू-तांदूळ मिळतो आणि ज्वारी विकत आणावी लागते. औषधांच्या दुकानांत इन्युलिनच्या पुड्या येत असताना शेतातली शिदोरी ताटातून निसटत आहे.

आहार बदलल्याचा परिणाम किती लवकर होतो, हे २०१५ मधील एका अभ्यासाने दाखवले. पिट्सबर्गमधील २० आफ्रिकी-अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल भागातील २० ग्रामस्थ यांच्या आहाराची दोन आठवडे अदलाबदल करण्यात आली. तंतुमय, कमी चरबीचा आहार मिळालेल्या अमेरिकनांत ब्युटिरेटची निर्मिती सुमारे अडीच पट झाली, तर ग्रामस्थांत ती निम्म्यावर आली. तरीही भलत्या अपेक्षा नकोत. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०२१ मधील दहा आठवड्यांच्या प्रयोगात तंतू वाढवूनही जीवाणूंची विविधता सरासरीने वाढली नाही. आंबवलेले पदार्थ खाणाऱ्या गटात मात्र ती वाढली.

संत्र्यापुरते सांगायचे, तर फोडी पापुद्र्यासह चावून खाव्यात. वरची साल खाऊ नये, कारण ती कडू असते आणि तिच्यावर फवारणीचे अंश राहू शकतात. पेलाभर रसासाठी तीन-चार फळे पिळावी लागतात आणि त्यांचा बहुतेक चोथा गाळणीतच राहतो. कडधान्ये आणि कांदा-लसूण एकदम वाढवल्यास पोट फुगते. जीवाणू आंबवतात तेव्हा वायू होणारच, त्यामुळे प्रमाण दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावे आणि पाणी पुरेसे प्यावे. ज्यांना आतड्याच्या अतिसंवेदनशीलतेचा त्रास आहे, त्यांना हेच फ्रुक्टन बाधतात. त्यांनी आणि आतड्याच्या अन्य विकारांवर उपचार घेणाऱ्यांनी आहारातील बदल डॉक्टरांना विचारूनच करावा.