स्क्रीनवर 'व्हायरस सापडला' आणि खाली फोन नंबर? लावू नका!

गिऱ्हाईक समोर उभं आहे, तुम्ही घाईत बिलाचा एखादा फॉरमॅट डाउनलोड करायला साइट उघडता आणि अख्खी स्क्रीन लाल होते. भोंगा वाजतो. 'कॉम्प्युटर लॉक झाला आहे, बंद करू नका' असा आवाज येतो. खाली मायक्रोसॉफ्टचा लोगो आणि ताबडतोब फोन करायला एक नंबर.

हा व्हायरसचा इशारा नाहीच. ते ब्राउझरमध्ये उघडलेलं एक साधं वेबपेज आहे. फुल स्क्रीन केलंय म्हणून बंद करायचं बटण दिसत नाही, एवढंच. वेबपेजला तुमची हार्ड डिस्क तपासताच येत नाही, मग '५ व्हायरस सापडले' हे त्याला कळलं कुठून? तो आकडा आधीच लिहून ठेवलेला असतो. आणि मायक्रोसॉफ्ट स्वतः सांगतं की त्यांच्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की समजायचं, भामटा आहे.

एस्केप दाबून धरा. नाही गेलं तर ऑल्ट-एफ४. तरीही अडकलं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून फक्त ब्राउझर बंद करा. टॅलीत बिल अर्धवट असेल तर घाबरून वायर ओढू नका, डेटा खराब होऊ शकतो. ब्राउझर परत उघडल्यावर जुनी पानं रिस्टोअर करू का विचारेल, तिथे नाही म्हणा, नाहीतर तेच भूत पुन्हा हजर! मग विंडोज सिक्युरिटी उघडून एक स्कॅन करून घ्या. ती विंडोज १० आणि ११ मध्ये फुकटच असते.

खरा धोका फोन लावल्यावर सुरू होतो. समोरचा गोड बोलून एनीडेस्कसारखं ॲप टाकायला लावतो. मग इव्हेंट व्ह्यूअर उघडून लाल खुणा दाखवतो. अशा खुणा चांगल्या कॉम्प्युटरवरही असतात, पण आपल्याला कुठे माहीत! पुढे 'दुरुस्तीचे' पैसे, नाहीतर थेट नेटबँकिंग. आपल्याकडे दुकानात कॉम्प्युटर एकच. बिलिंग, जीएसटी, करंट अकाउंट, सगळं त्यावरच. पुरवठादाराला द्यायचे पैसे एका दुपारी जाऊ शकतात. एनीडेस्क वाईट नाही हं, तुमचा टॅलीवालाही तेच वापरतो. पण त्याला तुम्ही ओळखता.

हे धंदे संघटित आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने 'ऑपरेशन चक्र-२' मध्ये अशा बनावट टेक सपोर्ट कॉल सेंटरवरही छापे टाकले. तक्रारी ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्टच्या होत्या.

कुणी ॲक्सेस देऊन बसलंच असेल तर आधी इंटरनेट तोडा. मग बँकेला कळवा आणि १९३० वर फोन करा. इथे उशीर नको, पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता आले तरच हाती लागतात. पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला, त्याच कॉम्प्युटरवरून नको.

आता काउंटरवर बसणाऱ्या मुलाबद्दल. तुम्ही नसताना स्क्रीन लाल झाली तर तो काय करेल? 'मालक ओरडतील' या भीतीने गुपचूप त्या नंबरला फोन लावेल. त्याला आजच सांगून ठेवा की तुझी चूक नाही, आधी मला फोन कर. आणि आपल्या कॉम्प्युटरवाल्याचा नंबर मॉनिटरच्या कडेला चिकटवून टाका.