अमेरिकन बंदूकमालकाचं जग : तिजोरी, राजकारण आणि झॉम्बी



आजचा विषय जाहीर झाल्यापासून आम्हाला एकच प्रश्न विचारला जातोय : बंदूक आणि झॉम्बी या दोन गोष्टी एका व्याख्यानात कशाला? एक कायद्याचा आणि जिवामरणाचा विषय, दुसरी टीव्हीवरची करमणूक. प्रश्न रास्त आहे. पण अमेरिकेतल्या साध्या बंदूकमालकाच्या आवडीनिवडी पाहिल्या, तर या दोन्ही गोष्टी एकाच घरात शेजारी शेजारी नांदताना दिसतात. त्या तिथे कशा आल्या आणि त्या दोघींची नजर जिकडे लागलीय, धोका खरोखर तिकडेच आहे का, एवढंच आज पाहायचं आहे.

आधी हा माणूस कोण ते पाहू. आपल्याकडे अमेरिकेतली बंदूक बातमीत येते ती शाळेत गोळीबार झाला की. त्यामुळे बंदूक बाळगणारा म्हणजे कुणीतरी माथेफिरू, असं चित्र मनात बसतं. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२३ च्या पाहणीत सुमारे ३२ टक्के प्रौढ अमेरिकनांनी सांगितलं, की आपल्या मालकीची बंदूक आहे. दहातल्या चार जणांच्या घरात ती असते. म्हणजे हा माणूस प्लंबर असेल, नर्स असेल, शाळेतली शिक्षिका असेल, निवृत्त सैनिक असेल. माथेफिरू नव्हे, शेजारी.

त्याचं रोजचं बोलणं कशाबद्दल असतं? बरंचसं साध्या गोष्टींबद्दल. तिजोरी कोणती घ्यावी, तळघरातल्या ओलीने नळीला गंज चढू नये म्हणून काय करावं, काडतुसं महाग झाली का. मुलांना शिकवायला पॉइंट टू-टू रायफल, कारण तिची गोळी लहान, धक्का कमी आणि खर्चही कमी. हरणासाठी मोठी रायफल. घरासाठी नऊ मिलिमीटरचं पिस्तूल. शनिवारी नेमबाजीच्या मैदानावर चक्कर. तिथले चार नियम त्याला पाढ्यांसारखे पाठ असतात : प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं, जे नष्ट करायचं नाही त्याच्यावर नळी रोखायची नाही, नेम धरेपर्यंत बोट चापावर न्यायचं नाही, आणि आपण कशावर नेम धरतोय, त्याच्या मागे काय आहे, हे पाहायचं. हे चार नियम ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहेत.

पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यात हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू झाला की अनेक शाळांना सुट्टी द्यायची जुनी प्रथा आहे. आणखी एक गोष्ट आपल्याला नवल वाटेल अशी. १९३७ च्या एका कायद्यानुसार बंदुका आणि काडतुसांवर १० ते ११ टक्के कर लागतो आणि तो पैसा राज्यांकडे वन्यजीव संवर्धनासाठी जातो. म्हणजे तिथली कित्येक जंगलं आणि पाणथळ जागा शिकाऱ्यांच्या पैशावर राखल्या गेल्यात.

आता आपल्याशी तुलना करून बघा. आपल्याकडे ब्रिटिशांनी १८७८ मध्ये शस्त्र कायदा आणला, स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला. दोन्हींचं सूत्र एकच : शस्त्र बाळगायचं तर सरकारचा परवाना हवा. आपल्यातल्या बहुतेकांचा शस्त्राशी संबंध खंडेनवमीच्या पूजेपुरता. अमेरिकेत सूत्र उलटं आहे. १७९१ पासून राज्यघटनेतली दुसरी दुरुस्ती शस्त्र बाळगण्याचा लोकांचा हक्क मान्य करते. तिथे 'मला बंदूक का हवी' हे नागरिकाने सांगायचं नसतं. 'तुला ती का देऊ नये' हे सरकारने दाखवायचं असतं. हे लक्षात घेतलं नाही, तर तिथलं राजकारण कळणारच नाही.

आणि ते राजकारण वाटतं तितकं जुनं नाही, बरं का. नॅशनल रायफल असोसिएशन ही संस्था १८७१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये निघाली. काढणारे होते यादवी युद्धातले अधिकारी आणि हेतू काय, तर सैनिकांचा नेम सुधारावा! पुढे शंभरेक वर्षं नेमबाजी, शिकार, प्रशिक्षण हाच तिचा मुख्य धंदा होता. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये बंदूक नियंत्रण कायदा आला. त्यावर चिडलेल्या सभासदांनी १९७७ मध्ये सिनसिनाटीच्या वार्षिक सभेत जुन्या कारभाऱ्यांना खाली खेचलं. तिथून ही संस्था मुख्यतः राजकीय झाली. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेलर खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, की स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे. २०२२ च्या ब्रुएन खटल्यात तो हक्क घराबाहेरही गेला. दुकानातून बंदूक घेताना ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो, एफबीआयकडून पार्श्वभूमी तपासली जाते. मात्र दोन खाजगी व्यक्तींच्या व्यवहाराला केंद्रीय कायद्याने ही तपासणी लागत नाही. आणि १९८६ पासून बंदूकमालकांची देशव्यापी नोंदवही ठेवायला केंद्र सरकारला बंदी आहे.

या सगळ्याच्या मुळाशी एक बदल झाला. १९९९ मध्ये बंदूकमालकांना 'मुख्य कारण काय' असं विचारलं, तेव्हा ४९ टक्के म्हणाले शिकार आणि २६ टक्के म्हणाले संरक्षण. २०१३ मध्ये हे जवळजवळ उलटं झालं : संरक्षण ४८, शिकार ३२. म्हणजे जंगलाकडे असलेली नळी घराच्या दाराकडे वळली. कुणीतरी येणार आहे, पोलीस वेळेवर पोचणार नाहीत, आपलं आपल्यालाच बघावं लागणार आहे.

आता सांगा, ही गोष्ट कुठे ऐकल्यासारखी वाटते का? इथेच झॉम्बी आत येतो.

'द वॉकिंग डेड' ही मालिका ३१ ऑक्टोबर २०१० ला सुरू झाली आणि २०२२ पर्यंत अकरा पर्वं चालली. जॉर्जिया राज्यातला रिक ग्राइम्स नावाचा शेरीफचा सहायक इस्पितळात शुद्धीवर येतो, तर सरकार नाही, फोन नाही, रस्त्यावर मेलेली माणसं चालताहेत. बंदूकमालक ही मालिका कशी पाहतो? कथा आणि प्रेमप्रकरणं बघतोच, पण त्याचा डोळा रिकच्या कोल्ट पायथन रिव्हॉल्व्हरवर असतो. सहा गोळ्या, मग याने सातवी कुठून झाडली? काडतुसं संपत कशी नाहीत? डॅरिलचा क्रॉसबो बरा, कारण आवाज होत नाही आणि बाण परत काढून घेता येतो. या गप्पांना अंत नाही. धंदेवाल्यांनीही ही हौस ओळखली. हॉर्नडी या नेब्रास्कातल्या कंपनीने 'झॉम्बी मॅक्स' नावाची हिरव्या टोकाची काडतुसं बाजारात आणली. नाव गमतीचं, काडतुसं खरी.

झॉम्बी सोयीचा का, तर त्याच्यावर गोळी झाडताना मनाला टोचणी लागत नाही. तो आधीच मेलेला आहे. त्याला धर्म नाही, वर्ण नाही, कुटुंब नाही. 'कुणीतरी येणार आहे' या भीतीतला कुणीतरी कोण, हे उघड बोलायला अवघड असतं. झॉम्बी त्या रिकाम्या जागी बसतो.

पण या कथाप्रकाराचा पाया घालणाऱ्या चित्रपटात एक वेगळीच गोष्ट आहे. जॉर्ज रोमेरोचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' ऑक्टोबर १९६८ मध्ये आला, म्हणजे बंदूक नियंत्रण कायद्याच्याच महिन्यात. काही माणसं एका घरात अडकतात, दारंखिडक्यांना फळ्या ठोकतात, हाती एक रायफल. बाहेर प्रेतांचा वेढा. पण घात होतो तो बऱ्याच अंशी आतून. रायफल कुणाच्या हाती असावी यावर आतलीच माणसं भांडतात, एकमेकांवर गोळी झाडतात. तळघरात ठेवलेली आजारी मुलगी झॉम्बी होऊन आईला मारते. आणि रात्रभर तग धरलेला कृष्णवर्णीय नायक बेन सकाळी वाचवायला आलेल्या बंदूकधाऱ्यांच्याच गोळीने मरतो, कारण लांबून ते त्याला झॉम्बी समजतात. चौथा नियम आठवा : कशावर नेम धरतोय ते पाहायचं.

आता कथेतून आकड्यांकडे येऊ. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. यातल्या खुनांचा आकडा सुमारे एकवीस हजार. आणि २६,३२८ जणांनी स्वतःचा जीव घेतला. म्हणजे निम्म्याहून जास्त, शंभरात चौपन्न. हे काही त्या एका वर्षाचं नाही. वर्षानुवर्षं असंच आहे. दाराबाहेरच्या अनोळखी माणसासाठी आणलेली बंदूक अनेकदा घरातल्याच माणसावर चालते. वाईट वेळ प्रत्येकावर येते, नोकरी जाते, लग्न मोडतं, आजार जडतो. जीव द्यायचा विचार आणि कृती यांत कित्येकदा तासाभराचंही अंतर नसतं. ती वेळ टळली तर बहुतेक माणसं पुढे जगतात. बंदूक हाताशी असेल, तर दहातल्या जवळपास नऊ प्रयत्नांत माणूस वाचत नाही. दुसरी संधी मिळत नाही, हाच सगळा फरक.

हे लोकांना सांगणार कोण? अटलांटातली सीडीसी, म्हणजे रोगनियंत्रण करणारी केंद्रीय संस्था. पण १९९६ मध्ये संसदेने जे डिकी या खासदाराच्या नावाची तरतूद केली : बंदूक नियंत्रणाचा पुरस्कार करायला सीडीसीने पैसा वापरायचा नाही. कागदावर संशोधनाला बंदी नव्हती, पण धसका असा बसला की संशोधनच जवळपास थांबलं. आता गंमत बघा. २०११ च्या मे महिन्यात याच सीडीसीने लोकांना संकटाची तयारी शिकवण्यासाठी लेख टाकला, 'झॉम्बी आले तर काय कराल'. पाणी साठवा, औषधं ठेवा, भेटण्याची जागा ठरवा. वाचकांच्या गर्दीने संकेतस्थळ बंद पडलं. झॉम्बींबद्दल बोलायची मुभा होती. बंदुकीबद्दल बोलताना जीभ अडखळत होती. पुढे २०१२ मध्ये खुद्द डिकी यांनीच, संशोधन व्हायला हवं, असं जाहीरपणे लिहिलं. पैसा पुन्हा मिळायला मात्र २०१९ चा शेवट उजाडला.

मग काम कुणी केलं? याचं एक उत्तर अनपेक्षित आहे : काही बंदूकवाल्यांनीच. २००९ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यात आठवड्याभराच्या आत तिघांनी एकाच दुकानातून बंदूक घेतली आणि काही तासांतच स्वतःला संपवलं. तिघांचा एकमेकांशी संबंध नव्हता. त्या धक्क्यातून दुकानदार आणि सार्वजनिक आरोग्याची माणसं एका टेबलाशी बसली. कायदा करा, बंदी घाला, हा विषयच त्यांनी बाजूला ठेवला. गिऱ्हाईक खचलेलं दिसलं तर विक्री कशी थांबवायची, याच्या सूचना दुकानदारांसाठी तयार केल्या. दुकानात भित्तीपत्रकं लावली : मित्र वाईट काळातून जात असेल, तर त्याच्या बंदुका थोडे दिवस तुमच्याकडे ठेवा. इतर राज्यांनी हे उचललं. हे चाललं, कारण ते बाहेरून आलेल्या उपदेशासारखं नव्हतं. प्यालेल्या मित्राकडून गाडीची किल्ली घेतो, तसंच हे. सुरक्षिततेचे नियम पाठ असणाऱ्या माणसाला आणखी एक नियम पटला.

आणि बघा, हाच प्रसंग 'द वॉकिंग डेड'मध्येही आहे. पहिलं पर्व संपतं तेच मुळी सीडीसीच्या इमारतीत. बहीण गमावलेली अँड्रिया तिथे जीव द्यायला निघते, म्हातारा डेल तिला परत आणतो. दुसऱ्या पर्वाच्या सुरुवातीला ती आपलं पिस्तूल मागते आणि डेल देत नाही. ती संतापते : माझा निर्णय तू कोण घेणार? संताप खोटा नाही; स्वातंत्र्य आणि काळजी यांतलं हे खरं भांडण आहे. पण ज्यांनी ती मालिका हौसेने पाहिली, त्यांना हा प्रसंग कुणी वेगळा समजावून सांगायला नको.

शेवटी आपल्या घरातलं. आपल्यातल्या अनेकांची मुलं, नातवंडं अमेरिकेत आहेत. नातू शेजारच्या मित्राकडे खेळायला जातो. तिथे आईवडिलांनी आधी विचारायची पद्धत आहे, बालरोगतज्ज्ञांची संघटनाही तेच सांगते : तुमच्या घरात बंदूक आहे का आणि ती कुलपात आहे का? आपल्या माणसांना हे विचारायला संकोच वाटतो, समोरच्याला काय वाटेल म्हणून. काही वाटत नाही. कुत्रा चावतो का, मुलाला शेंगदाणे चालतात का, तसाच हा प्रश्न. चांगला बंदूकमालक उलट खुशीने तिजोरी दाखवेल. आणि कुणी आपलं माणूस तिकडे खचलं असेल, तर ९८८ हा फोन चोवीस तास असतो. इथे भारतात टेली-मानसचा १४४१६.

बंदूक असावी की नसावी, हा अमेरिकनांचा वाद त्यांच्या संसदेत आणि न्यायालयांत चालत राहील. मित्राची किल्ली मागून घ्यायला मात्र त्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.