ठिगळ पडेपर्यंत

2023 साली दहीहंडी 7 सप्टेंबरला होती आणि गणपती 19 ला बसले. मधल्या दिवसांत आपल्याकडच्या फोनांवर लोण्याच्या मडक्यापासून उकडीच्या मोदकापर्यंत किती स्टिकर फिरली असतील, याची मोजदाद कुणाकडे नसेल. व्हॉट्सअ‍ॅपवरचं स्टिकर म्हणजे वेबपी या प्रकारातलं चित्र. गूगलने हा प्रकार 2010 मध्ये आणला, चित्र कमी जागेत मावावं म्हणून. नेमक्या त्याच दिवसांत वेबपी चित्र उघडणाऱ्या कोडमधलं एक भोक उघडकीला आलं. ते तिथे 2014 पासून होतं. आपल्या मोदकांनी कुणाचं काही बिघडवलं नाही, हे आधीच सांगतो. पण त्या भोकाची आणि त्यावर लावलेल्या ठिगळाची गोष्ट सांगितली, की ब्राउझरच्या कोपऱ्यात अधूनमधून उगवणारं ‘रीलाँच’चं बटण वेगळं दिसू लागतं.

टोरोंटो विद्यापीठात सिटिझन लॅब नावाची एक संशोधन प्रयोगशाळा आहे. पत्रकार, कार्यकर्ते, वकील यांच्या फोनमध्ये कोणी हेरगिरीचं सॉफ्टवेअर घुसवलंय का, हे ती तपासते. वॉशिंग्टनमधल्या एका सामाजिक संस्थेत काम करणाऱ्या व्यक्तीचा आयफोन तपासताना तिथल्या लोकांना पेगॅसस हे तसलंच सॉफ्टवेअर सापडलं. पेगॅसस आत कसं आलं? आयमेसेजवरून आलेल्या एका डिजिटल पासच्या जोडपत्रात चित्र होतं. फोनवाल्याने ते उघडायचीही गरज नव्हती. फोनने परस्पर उघडलं, तेवढ्यात काम झालं. अ‍ॅपलने दहीहंडीच्याच दिवशी दुरुस्ती सोडली.

आता पुढची गंमत. चार दिवसांनी, 11 सप्टेंबरला, गूगलने क्रोमची तातडीची दुरुस्ती काढली. सोबतची टीप अगदी थोडक्यात. वेबपीमध्ये दोष आहे, त्याचा प्रत्यक्ष गैरवापर चालू असल्याचं आम्हाला ठाऊक आहे, बहुतेकांचं अपडेट होईपर्यंत तपशील उघड करणार नाही, असा मजकूर. पण दोष कोणी कळवला आणि कधी, हे मात्र छापलं होतं: अ‍ॅपलची सुरक्षा टीम आणि सिटिझन लॅब, 6 सप्टेंबर. जाणत्यांना एवढं पुरलं. आयफोनमधलं भोक आणि क्रोममधलं भोक एकाच कापडाचं असणार, हे त्यांनी ताडलं. दुसऱ्या दिवशी फायरफॉक्सची 117.0.1 आवृत्ती आली. एज, ब्रेव्ह, ऑपेरा पाठोपाठ होतेच. एरवी एकमेकांशी स्पर्धा करणारे हे सगळे चित्र उघडण्यासाठी एकच उसनी लायब्ररी वापरत होते. तिचं नाव लिबवेबपी.

भोक कसलं होतं, हे समजून घेण्यासाठी जुन्या छापखान्यात जाऊ. खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरसमोर लाकडी केस असे. वारंवार लागणारी अक्षरं हाताशी, क्वचित लागणारी लांबच्या खणात. 1951 साली एमआयटीतल्या डेव्हिड हफमन या विद्यार्थ्याने हाच व्यवहार गणितात बसवला. परीक्षा द्या किंवा निबंध लिहा, अशी मुभा प्राध्यापकांनी दिली होती. त्याने निबंध निवडला आणि त्यातून हफमन कोड निघाला. नेहमी येणाऱ्या चिन्हाला आखूड संकेत, दुर्मीळ चिन्हाला लांब. आज झिप फाइल, जेपीजी, वेबपी या सगळ्यांच्या पोटात हफमन आहे.

वेबपीचं चित्र आपल्यासोबत स्वतःच्या केसची मांडणीही घेऊन येतं. उघडणारा प्रोग्राम त्यावरून पाच तक्ते तयार करतो. हिरव्या रंगाचा तक्ता मोठा, त्याला जास्तीत जास्त 654 खण. तांबडा, निळा आणि पारदर्शकता यांना प्रत्येकी 630. अंतराचा पाचवा तक्ता 410 खणांचा. एकूण 2954. एवढी जागा मेमरीत आधीच राखून ठेवलेली. हे आकडे कोणी अंदाजाने टाकले नव्हते. झिपवाल्या जगातली झीलिब ही लायब्ररी लिहिणाऱ्यांपैकी मार्क अ‍ॅडलर यांनी ‘इनफ’ नावाचा एक छोटा प्रोग्राम लिहिला आहे. किती खण पुरे होतील, याचं तो चोख उत्तर देतो. (हे अ‍ॅडलर नासात होते, मंगळावरच्या स्पिरिट या गाडीच्या मोहिमेचे एक व्यवस्थापक. माणसाच्या हिशेबावर शंका घ्यावी असं काही नाही.) उत्तर बरोबरच होतं, पण एका अटीवर: मांडणी नियमाप्रमाणे, पूर्ण असली पाहिजे. अर्धवट, वेडीवाकडी मांडणी आली तर जास्त खण लागू शकतात. असं चित्र नाकारणारी तपासणीही कोडमध्ये होती. फक्त ती तक्ता भरून झाल्यावर होत होती. तोवर जादा खिळे शेजारच्या घरात जाऊन पडलेले असत.

मेमरीत शेजारच्या घरात काय पडतं, हे ज्याला ठरवता येतं त्याच्या हाती हळूहळू सगळा वाडा येतो. एवढ्यावरून हल्ला करणाऱ्याचं कसब कळावं. पहिले चार तक्ते त्याने अगदी कायदेशीर, पण काठोकाठ भरायचे आणि पाचवा बिघडवायचा. गूगलची यंत्रणा या लायब्ररीवर वर्षानुवर्षं फझिंग करत होती, म्हणजे कोट्यवधी वाकड्यातिकड्या फाइली तिच्या तोंडात कोंबून ती कुठे ठसकते हे पाहत होती. यंत्राला हे भोक सापडलं नाही. आंधळेपणाने फेकलेल्या फाशांत चार वेळा नेमकं कमाल दान आणि पाचव्याला नेमकं खोटं दान पडणं जवळपास अशक्य. कोड समोर ठेवून, डोकं लावून कोणीतरी ते शोधलं आणि विकलं किंवा वापरलं. मला या सगळ्या प्रकरणातली ही गोष्ट सर्वांत अस्वस्थ करते.

ठिगळ म्हणाल तर साधं. आधी मांडणी तपासायची, किती खण लागतील ते मोजायचं, कमी पडत असतील तर जागा वाढवून घ्यायची, मग भरायचं. कोणत्याही किराणा दुकानदाराला हे सुचलं असतं, असं म्हणायचा मोह होतो; पण नऊ वर्षं कुणालाच सुचलं नव्हतं.

खरी शर्यत ठिगळ शिवून झाल्यावर सुरू होते. क्रोमचा मूळ कोड, क्रोमियम, जगासमोर उघडा आहे. दुरुस्ती त्यात पडली की कोणालाही वाचता येते. मित्रालाही, चोरालाही. जुना आणि नवा कोड शेजारी ठेवला की भिंतीत भगदाड कुठे होतं हे ठिगळच बोट दाखवून सांगतं. पण वापरकर्त्याच्या मशीनवर ती दुरुस्ती लगेच येत नाही. आधी चाचण्या होतात. या मधल्या काळाला ‘पॅच गॅप’ म्हणतात. गूगलच्या स्वतःच्या सांगण्यानुसार क्रोम 77 च्या आधी ही फट सरासरी 35 दिवसांची होती, नंतर 15 च्या आसपास आली. ऑगस्ट 2023 मध्ये क्रोम 116 पासून कंपनीने दर आठवड्याला सुरक्षा दुरुस्ती द्यायचं ठरवलं. वेबपीचं प्रकरण त्यानंतर महिन्याभरातच उद्भवलं.

एके काळी हा हिशेब दिवसांत कुणी मांडतच नसे. नव्वदच्या दशकात ब्राउझर एकदा बसवला की बसवला. गूगलवर झालेला हल्ला इंटरनेट एक्सप्लोरर 6 च्या भोकातून झाल्याचं जानेवारी 2010 मध्ये कळलं, तेव्हा जर्मनी आणि फ्रान्सच्या सरकारी सुरक्षा संस्थांनी लोकांना सांगितलं, तात्पुरता दुसरा ब्राउझर वापरा. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती 21 जानेवारीला आली, तीही ठरलेल्या मासिक दिवसाची वाट न पाहता. तोवर दुसरा उपाय नव्हता.

2008 मध्ये आलेल्या क्रोमने यात एक मोठी, आणि माझ्या मते पुरेशी न वाखाणलेली, गोष्ट केली. त्याने विचारणंच सोडून दिलं. अपडेट गुपचूप उतरायचं, तुम्ही ब्राउझर बंद करून उघडलात की लागू व्हायचं. झुरिचमधल्या दोन संशोधकांनी 2009 मध्ये मोजून पाहिलं. नवी आवृत्ती आल्यावर 21 दिवसांत क्रोमचे 97 टक्के वापरकर्ते तिच्यावर पोचले होते, फायरफॉक्सचे 85, सफारीचे 53 आणि ऑपेराचे अवघे 24. त्याच वर्षी क्रोमने कूरजेट ही युक्ती आणली. पूर्ण अपडेट 1,03,85,920 बाइट्सचं होतं. फक्त फरक पाठवायच्या जुन्या पद्धतीने ते 7,04,512 वर आलं आणि कूरजेटने 78,848 वर. डायल-अपच्या तारेवरूनही येऊ शकेल इतकं.

न विचारता कोणी आपल्या मशीनवर काही बसवावं का, हा आक्षेप तात्त्विकदृष्ट्या मला पटतो. पण आमच्या गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडे उभा राहिलो की तत्त्व डळमळतं. सातबारा, आधार, परीक्षेचं हॉल तिकीट असे दिवसभरात शेकडो लोकांचे कागद त्याच्या एका विंडोज 7 च्या मशीनमधून जातात. 2023 च्या फेब्रुवारीत आलेल्या क्रोम 110 पासून विंडोज 7 चा आधार काढून घेतलेला आहे. त्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, “साहेब, मागच्या वेळी अपडेट मारलं आणि प्रिंटर दोन दिवस बसला. त्या दोन दिवसांचं कोण देणार?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. अपडेट टाळणारे सगळेच आळशी नसतात. काहींनी त्याची किंमत मोजलेली असते. मी स्वतः मात्र आळशी आहे. बेचाळीस टॅब उघडे असतात आणि क्रोमचं चिन्ह हिरव्यावरून नारिंगी, नारिंगीवरून लाल होईपर्यंत मी पाहत राहतो. लाल म्हणजे अपडेट येऊन निदान आठवडा झाला.

वेबपीच्या ठिगळात आणखी एक घोळ झाला, नावाचा. दोषाची नोंद झाली ती क्रोमचा दोष म्हणून. खरं तर तो लिबवेबपीचा. क्रोमियमचा सांगाडा घेऊन बांधलेली सिग्नल, स्लॅक अशी डेस्कटॉप अ‍ॅप, फोनच्या सिस्टिम, फोटो पाहण्याचे प्रोग्राम, सगळ्यांच्या पोटात ती लायब्ररी. नोंद वाचून ‘हे तर क्रोमचं, आपलं नाही’ असं कुणालाही वाटू शकलं असतं. सप्टेंबरच्या शेवटी गूगलने लायब्ररीच्या नावाने वेगळी नोंद काढली, धोक्याला दहापैकी दहा गुण दिले, आणि ती आधीच्याच नोंदीची पुनरुक्ती ठरून रद्दही झाली. तोवर अनंत चतुर्दशी आली होती. आदल्या दिवशी, 27 तारखेला, क्रोमने व्हिडिओच्या लिबव्हीपीएक्स या दुसऱ्या उसन्या लायब्ररीवर आणखी एक तातडीचं ठिगळ लावलं.

आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे कुठे लावायचं, हा प्रश्न ब्राउझर बनवणाऱ्यांनाही पडलेला आहे. क्रोमच्या गंभीर दोषांपैकी सुमारे 70 टक्के मेमरीच्या अशाच चुकांचे निघाले, असं क्रोमवाल्यांनी 2020 मध्ये सांगितलं. म्हणून नियम केला: परका डेटा, सी-प्लसप्लससारखी निसरडी भाषा आणि सँडबॉक्सविना, म्हणजे कुंपणाविना, पूर्ण अधिकार, या तिघांतले दोनच एका जागी येऊ द्यायचे. फायरफॉक्सने 2021 पासून काही उसन्या लायब्रऱ्या वेगळ्या कोठडीत चालवायला घेतल्या. कापडच बदलण्याचं हे काम. पण कोट्यवधी ओळींचं कापड एका रात्रीत बदलत नाही.

अँड्रॉइडच्या सिस्टिममधल्या लिबवेबपीची दुरुस्ती ऑक्टोबर 2023 च्या सुरक्षा अपडेटमध्ये आली. ज्या फोनांना कंपनी अजून अपडेट देत होती, त्यांच्यासाठी. माझा जुना फोन आईकडे आहे. त्यावरचा ब्राउझर प्ले स्टोअरमधून नवा होत राहतो. सेटिंग्जमध्ये सिक्युरिटी अपडेटसमोर मात्र 2021 सालची तारीख गोठलेली आहे. फोन उत्तम चालतो, काच शाबूत आहे, बॅटरी दिवसभर पुरते, बदलायचा विषय काढला की ती चिडते. वसुबारसेला सकाळी सहालाच त्यावर स्टिकर आलं, गाय आणि वासरू. तिने ते पुढे अकरा जणींना पाठवलं.