वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा!

२ जून २०२० ची संध्याकाळ. टाळेबंदीमुळे आमचे महाविद्यालय बंद होते. पण शिवडीतील चार-पाच हौशी विद्यार्थ्यांची ‘वेधशाळा’ मोबाईलवर चालूच होती. हवामानाचे नकाशे गोळा करायचे आणि त्यांवर तावातावाने वाद घालायचा, हा त्यांचा छंद. दुसऱ्या दिवशी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ किनाऱ्याला लागणार होते. प्रश्न एकच होता : नेमके कोठे?

एकजण अमेरिकी संगणकाच्या अंदाजाचा भक्त, दुसरा युरोपीय अंदाजाचा. हवामान खात्याने सांगितले होते की, वादळ हरिहरेश्वर आणि दमण यांच्या दरम्यान, अलिबागच्या जवळपास जमिनीवर येईल. यावर एकजण उखडला. “सर, हरिहरेश्वर ते दमण म्हणजे अडीचशे किलोमीटरहून जास्त! हा काय अंदाज झाला?”

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हालाही असेच वाटेल. पण वादळ स्वतःच्या पायांनी चालत नाही. ओढ्यातला भोवरा जसा प्रवाहाबरोबर वाहत जातो, तसे भोवतालचे उंचावरचे वारे वादळाला वाहून नेतात. हे वारे मोजायचे तर समुद्रावर केंद्रे कमी. उपग्रह ढगांचे चित्र देतो. परंतु वादळ नवे असेल, तर त्याचे केंद्र ठरवतानाच काही किलोमीटरांची चूक होते. आणि ही चूक पुढे वाढत जाते! १९६१ साली अमेरिकेत एडवर्ड लॉरेन्झ या शास्त्रज्ञाने हवामानाचे एक गणित संगणकाला दुसऱ्यांदा घातले. ०·५०६१२७ या आकड्याऐवजी त्याने फक्त ०·५०६ लिहिले. थोड्याच वेळात दुसरे उत्तर पहिल्यापासून इतके दूर गेले की, दोन्हींचा एकमेकांशी संबंधच उरला नाही. म्हणून आता संगणक एकच गणित, आरंभीचे आकडे किंचित बदलून, अनेकदा सोडवतो. सगळ्या रेघा जवळजवळ राहिल्या तर भरवसा जास्त. फाकल्या तर कमी. नकाशावर वादळापुढे जो नरसाळ्यासारखा पट्टा दिसतो, तो या संभाव्य चुकीचा.

आपल्याकडील समुद्रांवर चोवीस तास आधी सांगितलेल्या जागेत सरासरी चूक ढोबळमानाने ८० कि.मी.च्या घरात असते. आता नकाशा काढा. शिवडीपासून अलिबाग सरळ रेषेत सुमारे ४० कि.मी., मुरूड सुमारे ७५ कि.मी. म्हणजे शिवडी वाचणार की मुरूड, हे आदल्या दिवशी छातीठोकपणे सांगणे शक्यच नव्हते. अडीचशे किलोमीटरचा तो पट्टा खात्याचा कमकुवतपणा नव्हता, प्रामाणिकपणा होता.

रात्री नव्या नकाशावर रेघ थोडी दक्षिणेकडे सरकली. “सुटलो!” एकाने लिहिले. मग बराच वेळ कोणी काही लिहिले नाही. गटातील एका मुलीची आजी श्रीवर्धनला राहते.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवसासाठी एक काम दिले. बाइज बॅलट या डच शास्त्रज्ञाने १८५७ साली मांडलेला नियम सोपा आहे : आपल्या गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले, की कमी दाबाचे केंद्र डाव्या हाताला, किंचित पुढे असते. (उभे राहायचे ते घरात, खिडकीपाशी, वादळात शिवडीच्या किल्ल्यावर जायचे नाही! इमारतींमुळे वारा वळतो, म्हणून खालच्या ढगांची दिशा पाहावी.) वादळ दक्षिणेकडून ईशान्येला गेले, तर आपल्याकडचा वारा पूर्वेकडून ईशान्येला व मग उत्तरेला, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. ते समुद्रावरून, आपल्या पश्चिमेने उत्तरेला गेले, तर आग्नेयेकडून दक्षिणेला व मग नैर्ऋत्येला, काट्यांप्रमाणे.

३ जूनला दुपारी साडेबारा ते अडीचच्या सुमारास वादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर चढले. तिच्या वहीत बाण उलटे फिरले होते. मुंबई वादळाच्या डाव्या अंगाला राहिली. उजवे अंग वाईट. कारण तेथे वादळाचा वारा आणि त्याची पुढची चाल यांची बेरीज होते. वारा १०० आणि चाल २० धरली, तर उजवीकडे १२०, डावीकडे ८०. शिवाय तेथे वारा समुद्राचे पाणी किनाऱ्यावर लोटतो. त्या अंगाला श्रीवर्धन होते. तिकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ पुन्हा धरायला कित्येक वर्षे लागतात. आजीशी बोलणे झाले ते चौथ्या दिवशी : ती सुखरूप होती, छपरावर कौल राहिले नव्हते.

पुढच्या वर्षी, १७ मे २०२१ ला, ‘तौक्ते’ आले. त्याच्या केंद्राची रेघ मुंबईच्या पश्चिमेला भर समुद्रात होती, आणि रात्री ते गुजरातच्या किनाऱ्याला लागले. तरी कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी ११४ कि.मी. नोंदला गेला! नकाशावरची रेघ केंद्राची असते. वादळ त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना शेकडो किलोमीटर पसरलेले असते.

त्या दिवशी दुपारी मुलीचा फोन आला. “सर, आग्नेयेचा होता, आता दक्षिणेचा झाला. काट्यांप्रमाणे फिरतोय.”

“मग?”

“बाहेरून चाललंय. आजीला आधीच सांगितलंय, पण अजून कौलं बांधून ठेव म्हणाले.”