हाक आणि हाकेचा अर्थ

घर पेटल्यावर विहीर खणूं नये, हें आपण लहानपणींच शिकतों. परंतु विहीर भरलेली असली, तरी पाणी मारणारांस आग कोठें लागली हें कळवावयाचें कसें? मोठ्या शहरांत पूर्वीं घंटा वाजे आणि बंबवाले धुराच्या रोखानें धांवत.

अमेरिकेंतील बोस्टन शहरीं डॉ. विल्यम चॅनिंग व यंत्रज्ञ मोझेस फार्मर यांनीं तारायंत्राचा उपाय काढिला. १८५२ च्या एप्रिलांत तेथें रस्तोरस्तीं क्रमांकित पेट्या सुरू झाल्या. पेटींतील दांडी फिरवितांच तिचा क्रमांक तारेवरून मुख्य कचेरींत उमटे. मात्र खोट्या हाकेच्या भयानें पेट्यांस कुलूप असे, व किल्ल्या पोलीस आणि निवडक नागरिक यांपाशीं असत. ९ नोव्हेंबर १८७२ रोजीं सायंकाळीं समर स्ट्रीटवर आग लागली. बावन्न क्रमांकाच्या पेटीवरून वर्दी पोंचली, तोंवर आग पुष्कळ माजली होती. त्यांतच बंब ओढणारे घोडे सांथीनें आजारी. अखेर ७७६ इमारतींची राख झाली.

कुलूप नसतें म्हणजे सर्व साधलें असतें काय? आम्ही वर्गांत मुंबईच्या गोदींतील स्फोटाची हकीकत सांगत असूं, तेव्हां ह्याचें उत्तर मिळे. १४ एप्रिल १९४४ रोजीं ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजांत कापूस पेटला. त्याच जहाजाच्या पोटांत सुमारें १४०० टन स्फोटकें होतीं. वर्दी देण्यास गेलेल्या मनुष्यास सांपडलेल्या दूरध्वनीवर क्रमांक फिरविण्याची चकतीच नव्हती. म्हणून त्यानें जवळच्या वर्दीपेटीची कांच फोडली. पेटीनें आपलें काम चोख केलें. परंतु आग कशास लागली, हें तिला सांगतां येईना. त्यामुळें प्रथम नेहमींप्रमाणें दोनच बंब निघाले. पुढें आणखी कुमक आली. चार वाजून सहा मिनिटांनीं जहाज उडालें. त्या दिवशीं अग्निशामक दलाचे ६६ वीर कामास आले.

“गुरुजी, पेटीला बोलतां आलें असतें तर?” असें एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारिलें होतें. तें आम्ही विसरलों नाहीं. आतां घरोघरीं बोलका दूरध्वनी आहे, पण घाबरलेला मनुष्य “आग! आग!” एवढेंच ओरडून तो खालीं ठेवितो, आणि बोलक्या यंत्राची मुकी पेटी करून टाकतो. म्हणून घरांतील मुलांस तीन गोष्टी पाठ असाव्या: पत्ता काय, पेटलें काय, आंत कोण अडकलें आहे. परवचा म्हणतांना हेंही म्हणवून घ्यावें, अशी गृहिणींस व वडीलधाऱ्यांस आमची विनंति आहे.